दोन वॅटच्या जागी पाव वॅट

सोम., ५ मार्च. लातूर

उपास. नळ नऊ दिवसांनी आला. तोही दुपारी पावणेदोनला, सगळी गल्ली पेंगत असताना. आमच्याकडं घंटी वाजली म्हणून भरून घेतलं. ह्यांनी मागच्या महिन्यात बसवली आहे. नळाखालच्या बादलीत दोन तारा सोडल्यात, पाणी लागलं की भिंतीवरच्या पत्र्याच्या डबीतून कर्रर करून आवाज. मी "नळ आला, नळ आला" करत दारं वाजवली तेव्हा बाकीच्या उठल्या.

संध्याकाळी नव्या सरकारी क्वार्टर्समधले एक भाऊसाहेब दुकानात येऊन गेले. चोवीस घरं, चोवीस घंट्या पाहिजेत. हे खूष. रेडिओ दुरुस्तीवर आता भागत नाही, लोक पाण्याच्या मागं, रेडिओ कोण ऐकतो.

सासूबाई म्हणाल्या, "जिल्हा आला आन् पानी गेलं. आता पान्याला बी घंटी वाजवून बोलवा, पाव्हन्यासारखं."

गुरु., ८ मार्च

कमल सकाळी नऊलाच आली. हे दुकानात गेले की पडवीत तिचं काम. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, पोरगी सातवीत. आधी रोजगार हमीवर खडी फोडायची. दिवाळीत ह्यांनी तिला तारांना डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग, शिकवलं, आता ह्यांच्यापेक्षा तिचा डाग चांगला. कथलाचा थेंब कसा, मोगऱ्याच्या कळीएवढा, तेवढाच. सांडलवंड नाही.

सा.बाई तिला पडवीच्या आत येऊ देत नाहीत. भीमनगरातली म्हणून. मी त्यावर कधी काही बोलले नाही, आजही नाही.

माझं काम निवडायचं. मसाल्याच्या जुन्या डब्यातल्या सात वाट्यांत सात प्रकारचं सामान. रेझिस्टन्स रंगाच्या पट्ट्यांवरून ओळखायचे. तपकिरी, काळा, तपकिरी म्हणजे शंभर. ह्यांनी एकदाच सांगितलं, पाठ झालं. हे म्हणाले, "मॅट्रिकचं चीज झालं." सा.बाई "आन् सैपाकाचं?" असं कुजबुजल्या, पण ऐकू आलं.

मंगळ., १३ मार्च. नांदेड

माहेरी. आईचा गुडघा बघायला आले, ह्यांनी सामानाची चिठ्ठी सोबत दिली. लातुरात सगळं मिळत नाही अजून.

दुकान जुनंच, म्हातारे चाचा ओळखीचे. बाबांचा रेडिओ त्यांच्याकडचाच. चिठ्ठीत होतं: शंभर ओहम, दोन वॅट, तीस नग. त्यांनी काढून ठेवले, हे एवढाले, चिंचोक्याएवढे जाड. शेजारच्या डबीत बारीक, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. बघितलं तर पट्टे तेच. तपकिरी, काळा, तपकिरी. किंमत पाव.

म्हटलं, "चाचा, हे पण शंभरचेच ना?"

"हाव. मगर बाई, ये पाव वाट का है. मालक ने दो वाट लिक्खे."

"शंभर ते शंभरच की."

"मालक को पूछ के लेव, बाई. मेरा क्या, मैं दोनो बेचता."

बारीकच घेतले. शेंग जाड असली म्हणून दाणा मोठा असतो का. दुकानदार माणूस महागाचंच पुढं करणार. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या हाताला बरकत आहे ग."

गुरु., १५ मार्च

परत. सामान वाट्यांत लावून दिलं. हे दुकानात एका टीव्हीत अडकलेत, घरचं काम आमच्या दोघींवर सोडलंय.

कमलनं नमुन्याची घंटी भिंतीवरून काढली, ह्यांच्या हातची. शेजारी ठेवून बघत बसली.

"वैनी, हा लहान कसा हाय? नमुन्यात मोठा व्हता. याचे पाय बी बारीक हायत."

"रंग बघ. रंग तेच आहेत ना?"

"रंग त्येच हायत."

"मग लाव."

लावला. चांगलं काम झालं आज, सहा पुरे.

सोम., १९ मार्च

चोवीस झाल्या. ह्यांनी रात्री एकेक वाजवून बघितली. दहा आकडे मोजेपर्यंत वाजवायची, बंद करायची, पुढची. डबीचं झाकण कमलनं आधीच बसवलेलं. चोवीसच्या चोवीस ठणठणीत. उद्या क्वार्टर्सला लावायला जाणार.

सिद्धेश्वराला नारळ.

शुक्र., २३ मार्च

काल क्वार्टर्समध्ये नळ आला. भाऊसाहेब मुद्दाम सांगायला आले. सगळ्या घंट्या वाजल्या, वीस-पंचवीस मिनिटं नुसता गलका, पोरं नाचली. एका बाईनं म्हणे डबीला हळद-कुंकू लावलं. एक-दोन घरी जरा जळका वास आला. हे म्हणाले, नवीन सामान आहे, येतो पहिल्यांदा.

मला वाटलं सांगावं, बघा, तुम्ही महागाचे लिहिले होते, मी असे आणले आणि वाजल्या का नाही. मग म्हटलं राहू दे. आपलीच टिमकी कशाला.

सोम., २ एप्रिल. पाडवा

गुढी उभी केली. गाठी सा.बाईंसाठी एक, बाकी नाही घेतल्या.

जेवायच्या वेळेला भाऊसाहेब दारात. बसले नाहीत. परवा दुपारी नळ आला आणि सतरा घरांत घंटी वाजलीच नाही. "घंटी नव्हती तेव्हा आम्ही पाळीपाळीनं जागत होतो हो. घंटी लावली आणि निर्धास्त झालो." एका घरी लेक बाळंतपणाला आलेली, दहा दिवसांचं मूल. त्यांच्या घरात परवापासून पिण्यापुरतं पाणी, तेही शेजारच्यांनी दिलेलं. पुढचा नळ आठ दिवसांनी.

ह्यांनी ताटावरून उठून चार घंट्या काढून आणल्या. उद्या उघडतो म्हणाले.

श्रीखंड कुणी खाल्लं नाही.

बुध., ४ एप्रिल

लिहायचं नव्हतं. लिहिते.

काल हे दुकान उशिरा उघडू म्हणून पडवीतच बसले. कमल समोर. मी आत वरणाला फोडणी टाकत होते, दारातून सगळं दिसत होतं. पहिली डबी उघडली. दुसरी. चारही.

"कोळसा झालाय," हे म्हणाले. "अरे पण हा पाव वॅटचा आहे! मी दोन वॅट लिहिला होता. कमल, माझ्या रेडिओच्या डब्यातले घेतलेस काय तू?"

"मला दिलं त्ये लावलं, भाऊ."

"कुणी दिलं?"

कमलनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मोहरी तडतडून संपेपर्यंत. मग खाली बघायला लागली.

सा.बाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, "मोठे आनले व्हते नांदेडहून, त्ये कुठं गेले मंग? त्यास्नी काय पाय फुटले? इकले आसतील. ह्या लोकांना घरात घेऊ नगं म्हनलं व्हतं मी."

हे म्हणाले, "आई, गप बस." पण मग कमलकडं वळून म्हणाले, "थोडे दिवस राहू दे तू. मी कळवतो."

तिनं डाग द्यायची सळई ओल्या फडक्यावर पुसली, रोज पुसते तशी. तारेच्या घोडीवर ठेवली. वायर गुंडाळली. गेली.

फोडणी करपली होती. तीच वरणावर ओतली.

गुरु., ५ एप्रिल

सकाळी पूजेला बसले. लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि पुढचं काही सुचेना. तसंच परत गळ्यात. विभूती लावली, तेवढीच.

दुपारी ह्यांना विचारलं, जसं काही मला माहीत नाही. "वॅट म्हणजे काय हो?"

हे पाटीवर लिहून दाखवायला लागले, चिडले होते तरी समजवायला लागले की चीड जाते ह्यांची. ओहम म्हणजे वीज किती अडवायची. वॅट म्हणजे अडवताना तापतो तो, ती धग किती सोसायची. अडवतात दोघंही सारखंच. सोसण्यात फरक.

"घंटीत त्याच्यावर नऊ व्होल्ट पडतात. नऊ गुणिले नऊ भागिले शंभर. कर."

शून्य पूर्णांक एक्क्याऐंशी. मी तोंडी केलं.

"म्हणजे एक वॅटचा कसाबसा टिकेल. पत्र्याची बंद डबी, आपल्याकडचा उन्हाळा, म्हणून दुपटीहून वर धरून दोन लिहिला. पाव वॅटवाल्यावर तिपटीहून जास्त ओझं. दहा आकडे वाजवून बघितलं तर टिकतो, पंधरा-वीस मिनिटं वाजला की भाजतो. मीच गाढव. झाकण उघडून बघायला पाहिजे होतं."

स्वतःला शिव्या देत होते. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. सा.बाई शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या.

सोम., ९ एप्रिल

उपास. उपासाचा काय उपयोग.

गिरणीत पुढच्या गल्लीतल्या काकू. "तुमच्याकडची ती, सामान विकायची म्हणे?" मी म्हटलं, "तसं काही नाही हो." एवढंच. पीठ घेऊन आले. काकूंना माझ्या बोलण्यातून उलट खात्रीच पटली असणार. कुणी झाकायला बघतं तेव्हा असंच बोलतं.

क्वार्टर्समध्ये आज नळ आला. हे स्वतः तिथं जाऊन बसले होते सकाळपासून, सायकलची घंटी वाजवत चोवीस दारांपुढून फिरले. बाळंतिणीच्या घरी पाच घागरी स्वतः भरून दिल्या. परत आले तेव्हा सदरा घामाच्या मिठानं पांढरा.

सगळ्यांना ह्यांनी सांगितलं का, की आमच्या कामवालीकडून चूक झाली? विचारलं. "हो, काय सांगणार दुसरं."

शनि., १४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक आमच्या चौकातून गेली. कमल पांढऱ्या साडीत, पोरीचा हात धरून. काळी पडलीय उन्हानं. परत खडीवर जात असणार. मी ओट्यावर होते. तिनं बघितलं, मान वळवली नाही, हसली पण नाही. मीच आत आले.

पोरगी मोठी दिसायला लागलीय.

गुरु., १९ एप्रिल

सा.बाईंना देवळात जाते म्हणून सांगितलं आणि औशाच्या रस्त्याला जिथं काम चालू आहे तिथं गेले. देवाच्या नावावर हे पण.

जेवणाची सुट्टी. बाभळीखाली बायका भाकरी खात होत्या. कमल उठून बाजूला आली. हाताला चिंध्या बांधलेल्या. तो हात कथलाचा थेंब टाकायचा.

"वैनी, मी तुमाला म्हनले व्हते ना, हा लहान हाय?"

"हाव."

"मंग त्या दिशी काहून गप बसल्या?"

मी उलट तिलाच विचारलं, तू तरी का नाही बोललीस. आता लिहिताना तोंड लपवावंसं वाटतंय.

ती हसली. "मी बोलले आसते तर एक चोरी आन् वरतून मालकिनीवर आळ. दोन झाले आसते. एकच बरं."

म्हटलं, कामाला परत ये, मी ह्यांना सांगते. तर म्हणाली, "कामाचं ऱ्हाऊ द्या. खडी काय मला नवी हाय का. पोरीला शाळेत एकीनं म्हनलं, तुजी माय चोर हाय म्हने. जिथं जिथं त्ये गेलं, तिथं तिथं जाऊन तुमी न्हाई म्हना. मंग कामाचं बोलू."

मुकादमानं शिटी मारली. पाठीमागं एक म्हातारी ओरडली, "ए कमळे, तुझी सायबीन आली व्हय भेटाया? आमाला बी एक घंटी लावा म्हनाव, सुट्टी झाल्याली कळत न्हाई." सगळ्या हसल्या. कमल पण.

सोम., २३ एप्रिल

हे परवा नांदेडला जाणार, दोन वॅटचे आणायला. त्याच दुकानात. चाचा सांगणारच. मी म्हटलं, चाचांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे. हे खरं कारण की नुसती पकडले जाण्याची भीती, मला सांगता येत नाही.

सा.बाई अंघोळीला गेल्या होत्या. सांगितलं सगळं. चिंचोक्याएवढे, तांदळाएवढे, चाचा काय म्हणाले, कमल काय म्हणाली, मी काय म्हणाले. हे चहाची बशी हातात धरून ऐकत राहिले. चहा न पिता बशी खाली ठेवली.

"मी तिला हाकललं," म्हणाले.

मग माझ्याकडं बघून: "तू चिठ्ठी वाचलीस ना? दोन वॅट लिहिलेलं वाचलंस?"

"वाचलं."

"मग मला विचारायचं तरी."

विचारलं असतं तर म्हणाले असते आण, आणि मी आणले असते. इतकं सोपं होतं. मला वाटलं, रंग कळले म्हणजे सगळं कळलं.

गुरु., २६ एप्रिल

हे परत आले. चाचा म्हणाले, "मैं बोला था बाई को." हे सांगताना हसले, पण हसण्यात काही नव्हतं.

ठरलं. रविवारी क्वार्टर्सला जायचं. हे रेझिस्टन्स बदलतील, मी सोबत. ह्यांना वाटत होतं मी येऊ नये, म्हणाले मी सांगतो आमच्याकडून झालं म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडून नाही, माझ्याकडून. आमच्याकडून म्हटलं की लोक परत तिलाच धरतील.

"बरं," म्हणाले. "पण आईला नको. तिला ब्लडप्रेशर. आणि तिनं त्या दिवशी जे तोंड सोडलं ते तिला आता गिळता यायचं नाही. आईला नको सांगू."

मी हो म्हटलं.

रवि., २९ एप्रिल

सकाळी सात ते दीड. चोवीस घरं.

पहिल्या घरी तोंड उघडेना. ह्यांनी डबी उघडली, काळा रेझिस्टन्स काढला, नवा बसवला, मी नुसती पत्र्याचं झाकण धरून उभी. निघताना दारात म्हटलं, "वहिनी, तो चुकीचा मी आणला होता. ती बाई म्हणाली होती मला, लहान आहे म्हणून. मी ऐकलं नाही." त्या बाईनं "हो का, बरं बरं" केलं. तिला कधी एकदा आम्ही जातो असं झालेलं.

पुढं सोपं झालं असं नाही. प्रत्येक घरी तेवढंच. सहाव्या घरी एक जण म्हणाले, "म्हणजे घरच्या बाईनं केलं आणि बाहेरच्या बाईवर ढकललं." हे पाना शोधायला लागले पेटीत. मी म्हटलं, "हो."

बाळंतिणीच्या घरी तिच्या आईनं मूल माझ्या मांडीवर दिलं. मी घेतलं, मग परत दिलं.

एका घरी पोरगं म्हणालं, "आई, ही चोरीवाली बाई का?" आईनं त्याला चापट मारली. मी म्हटलं, चोरी झालीच नव्हती बाळा, मीच चुकीचं आणलं होतं.

येताना गिरणीत थांबले. काकू नव्हत्या, गिरणीवाल्याला सांगितलं. त्याला सांगितलं म्हणजे सगळ्यांना.

हे वाटेत सायकल हातात धरून चालले, माझ्या चालीनं.

गुरु., ३ मे

उद्या बसव जयंती. पुरणाची डाळ शिजत घातलीय. सा.बाई कीर्तनाला गेल्यात, पाचपर्यंत येतील. आत्ता सव्वाचार.

सकाळी कमलकडं जाऊन आले. भीमनगरात मी पहिल्यांदाच गेले, इतक्या वर्षांत. घर स्वच्छ, पोरीच्या वह्या खिडकीत. आज तिचा खाडा, हाताला पिकलंय. नळाला पाणी नाही तरी तिनं तांब्या पुढं केला. प्याले.

तिला कळलं होतं सगळं. क्वार्टर्समधलीच एक बाई टँकरवर भेटली म्हणे. "चोवीस घरं फिरल्या म्हनं."

"हाव. आणि गिरणी."

"पोरीला शाळेत बाईंनी बोलावून सांगितलं, तुझी आई चांगली हाय म्हनून. त्या बाईंची भावजय क्वार्टरात ऱ्हाती."

मला वाटलं झालं आता. म्हटलं, उद्यापासून ये, हे पण म्हणाले, पगार वाढवून. नमुना भिंतीवर आहे, अजून दहा घंट्यांची मागणी आलीय.

ती वह्यांकडं बघत होती.

"वैनी, पहिल्यांदा चोर कुनी म्हनलं मला?"

मी तांब्या खाली ठेवला.

"त्या घरात सांगितलं का?"

म्हटलं, त्यांचं ब्लडप्रेशर. ह्यांनी नको म्हटलंय. मी शब्द दिलाय.

"मी तितं बसून डाग देनार," कमल म्हणाली. "त्या मागं जप करत बसनार. रोज. तुमी सांगा, हात थिर ऱ्हाईल माजा?"

निघाले तर दारापर्यंत आली. म्हटलं, "येशील ना?"

"बघते," म्हणाली. येते म्हणाली नाही.

ह्यांना येताना दुकानात सांगितलं. हे टीव्हीच्या पाठीत डोकं घालून होते. बाहेर काढलं नाही. "मी आईला नको म्हटलं होतं," एवढंच. मग, "तुझं तू बघ." रागानं म्हणाले की मोकळीक दिली, मला अजून कळलेलं नाही.

डाळ शिजली. गूळ फोडून ठेवलाय. पडवीत त्यांचं आसन टाकलं, माळ शेजारी. बसल्या की सांगणार.

बाहेर चपलांचा आवाज